चौदा नंबरची धायटी

"आता क्रमांक चौदा," सरनोबत मॅडम म्हणाल्या आणि गठ्ठ्यातून एक कागद त्यांनी वेगळा काढला. "हे जरा ऐका सगळ्यांनी. झुडपाचं नाव, धायटी. बरोबर. पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच, पानामागे काळे ठिपके. तेही बरोबर. आणि पुढे लिहिलंय, 'फुले नाहीत.'"

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग सुनंदा बोंद्रे फसकन हसली, तिच्या ग्लासातला चहा सांडला, आणि मग सगळेच हसायला लागले. मी हसलो नाही, कारण तो कागद माझा होता.

दाजीपूरच्या जंगलातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राची बारा मुलं बसलो होतो. साल अठ्ठ्याऐंशी, फेब्रुवारीची अखेर, दुपारचे चार. त्या दिवशी आमची झाडं ओळखण्याची परीक्षा झाली होती. परीक्षेची रीत अशी, की पंचवीस झाडाझुडपांना पत्र्याचे नंबर बांधायचे आणि मुलांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने त्या वाटेवर एकेकटं सोडायचं. प्रत्येक नंबरपुढे नाव लिहायचं, आणि ते कशावरून ओळखलं ते लिहायचं. पन्नास मार्क. पण मार्कांपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. जिल्ह्यातल्या झाडांचं दोन वर्षांचं सर्वेक्षण मॅडमना मिळालं होतं, आणि त्यासाठी त्या आमच्यातला एक जण निवडणार होत्या. ती निवड त्या ह्याच परीक्षेवरून करणार, हे साऱ्या विभागाला माहीत होतं. माझी निवड झाली नाही तर मला कागलजवळच्या आमच्या गावी परत जाऊन काकांच्या गुऱ्हाळावर बसायचं होतं. ते वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"खोराटे, उभा राहा."

मी उभा राहिलो.

"तिकडे बघ." मॅडमनी समोरच्या उताराकडे बोट केलं. "पाण्याच्या टाकीच्या वर, डाव्या अंगाला. ते झुडूप इथून, बंगल्यावरून दिसतंय. नुसतं लालभडक झालंय. दिसतंय ना?"

मी बघितलं. टाकी दिसली. टाकीच्या वर झाडी दिसली. डाव्या अंगालाही झाडीच होती.

"हो मॅडम," मी म्हणालो.

"इथून दिसतंय, आणि जवळ गेल्यावर फुलं नाहीत?"

मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

"मी सांगते काय झालं ते," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. "तू त्या झुडपापाशी गेलाच नाहीस. चौदा नंबरला धायटी आहे एवढं कुणीतरी तुला सांगितलं. बाकीचं तू पाठ केलेलं होतंच, ते बसल्या जागी उतरवलंस. फुलं आली आहेत की नाहीत हे मात्र कुठल्याच पुस्तकात नसतं, खोराटे. त्यासाठी झाडापाशी जावं लागतं." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "झाड चुकीचं ओळखलेलं मला चालतं. मीही चुकते. झाड न बघता लिहिलेलं मला चालत नाही. उद्या सकाळच्या एसटीनं तू परत जायचंस. प्रॅक्टिकलला शून्य."

आता कुणी हसत नव्हतं. व्हरांड्याच्या पायरीवर धाकलू झोरे बसले होते. ते धनगरवाड्यावरचे, साठीच्या पुढचे. मॅडम दरवर्षी त्यांनाच सोबत घ्यायच्या आणि पत्र्याचे नंबर त्यांच्याच हातून बांधून घ्यायच्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ते पुन्हा तंबाखू मळायला लागले.

खरं काय ते त्या व्हरांड्यात फक्त दोघांना माहीत होतं. एक मी, आणि दुसरा माझ्या शेजारी बसलेला मुबारक नदाफ.

बारावीनंतर मी सैन्यभरतीला गेलो होतो. धावलो, लांब उडी मारली, छाती फुगवली. शेवटी डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि विचारलं, कुठला आकडा दिसतो? माझ्या पुढचा मुलगा चौऱ्याहत्तर म्हणाला होता. मला एकवीस दिसला. मी तोच सांगितला, कारण पुढचा मुलगा चुकला असं मला प्रामाणिकपणे वाटलं. डॉक्टरांनी पुढची चार पानं उलटली, कागदावर एक शब्द लिहिला आणि म्हणाले, "बाळ, तुला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही. घरी जा." घरी जाऊन मी सांगितलं की छाती अर्धा इंच कमी पडली. आईनं मग वर्षभर मला रोज दोन अंडी खाऊ घातली आणि तांब्याभर दूध पाजलं. ते दूध पिताना माझ्या घशाशी यायचं, पण बोलायची सोय नव्हती.

असा माणूस वनस्पतिशास्त्राला गेलाच कशाला, असं कुणीही विचारील. मला झाडं आवडायची, याहून दुसरं कारण माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर 'रंगदृष्टी सामान्य' अशी ओळ होती. आमच्या गावच्या डॉक्टरांनी न विचारता खाली सही ठोकली आणि मी न बोलता फॉर्म दिला. ते पाप तेव्हापासून मानेवर होतं.

मुबारकनं मला पहिल्याच महिन्यात पकडलं. देठाचा पातळ काप घेऊन तो आधी लाल रंगात आणि मग हिरव्या रंगात बुडवायचा, असं प्रॅक्टिकल होतं. मी दोन्ही वेळा लालच बाटली उचलली होती. मुबारक सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणाला, "मर्दा, ह्यात हिरवं कुठंय?" मी म्हणालो, "आहे की." त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग दोन्ही बाटल्या अदलाबदल करून माझ्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "ह्यातली लाल कुठली, सांग." मी चुकीची सांगितली. तो हसला नाही. त्याचे वडील गाद्या भरायचे. कापूस पिंजायच्या कामात घरातल्या सगळ्यांना खोकला, त्यामुळे माणसाचं एखादं वैगुण्य सांभाळून घ्यायची त्या घराला सवय होती. दुसऱ्या दिवसापासून मुबारक माझे डोळे झाला. झाडापुढे उभं राहिलो की मी हळूच विचारायचो, "काय?" आणि तो तितक्याच हळू सांगायचा, "जांभळट." किंवा, "पिवळं, तळाला लाल." बाकी सगळं मी बघायचो. पानाची कड, पानामागची लव, सालीचा वास, चीक येतो का, आला तर पातळ की चिकट. त्यात मी मुबारकपेक्षा बरा होतो, आणि हे तोच चारचौघांत सांगायचा.

परीक्षेच्या सकाळी मात्र मी एकटा होतो. तरी घाबरलो नव्हतो, कारण ओळखीच्या झाडांच्या फुलांचे रंग मला पुस्तकातून पाठ होते. फूल आलंय एवढं दिसलं तर पुरे होतं. चौदा नंबरपाशी मी नीट थांबलो. फांद्या बाहेर झुकलेल्या, साल कागदासारखी सुटणारी. पान उलटं करून बघितलं तर मागे बारीक काळे ठिपके. धायटी. मग फुलं बघायला मी चार पावलं मागे सरकलो. हातभरावर आणलं तर मला फुलाचा आकार कळतो, पण चार पावलांवर लाल फूल पानांत बुडून जातं. धायटीची फुलं बोटाच्या पेरापेक्षाही लहान. नंबर बांधलेल्या फांदीच्या टोकाला कोवळी पानंच होती. मला सगळं झुडूप सारखं दिसलं. मी लिहिलं, 'फुले नाहीत,' आणि पुढे गेलो.

मला जास्त वेळ लागला तो एकोणीस नंबरला. सरळ वाढलेलं उंच झाड, खालची फांदीही हाताला येईना. शेंडा बघून मला काही बोध झाला नाही. मग मी खाली पडलेली पानं गोळा करत बसलो. धाकलूमामा थोड्या अंतरावर दगडावर बसून वाटेवर लक्ष ठेवून होते. ते काही बोलले नाहीत, मीही काही विचारलं नाही. तिथला नियमच तसा होता.

व्हरांड्यात उभा असताना हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. नक्कल केली म्हणून कबूल केलं तर शून्य. खरं सांगितलं तर त्याहून वाईट, कारण मग फॉर्मचं खोटं बाहेर येणार आणि असल्या डोळ्यांच्या मुलाला विभागात ठेवणारच नाहीत. शून्य मिळालं तर निदान पुढच्या वर्षी परत बसता येईल. मी गप्प राहायचं ठरवलं. गप्प राहण्यात मी मुरलेला होतो.

तेवढ्यात मुबारक उठला.

"मॅडम," तो म्हणाला, "त्याला नाव मी सांगितलं."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो माझ्या आधी तीस मिनिटं सुटला होता. दिवसभरात आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो.

"तू?" मॅडमनाही ते खरं वाटलं नसावं. मुबारक वर्गात पहिला-दुसरा यायचा. निवड होणार असेल तर त्याची किंवा सुनंदाची, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"होय मॅडम. चौदाचं तेवढं सांगितलं. त्याची चूक नाही. मीच आगाऊपणा केला."

"मग उद्याच्या एसटीनं तूही जायचंस. तुझंही शून्य."

"चालेल मॅडम."

चालेल म्हणाला! चहात साखर कमी असली तर चालेल म्हणावं, तसं. माझं गुपित जाऊ नये म्हणून हा बेटा स्वतःचं वर्ष उधळून मोकळा झाला होता, आणि वर माझ्याकडे बघून डोळ्यानं दटावत होता की गप बस. माझ्या कानांतून वाफा निघाल्यासारखं झालं. मला त्याचा इतका राग आला, की त्या रागातच तोंड उघडलं.

"खोटं बोलतोय तो," मी ओरडलो. "मॅडम, तो खोटं बोलतोय. मला कुणी काही सांगितलं नाही. मी गेलो होतो झाडापाशी. मला फुलं दिसली नाहीत."

"गप की लेका," मुबारक दातांतल्या दातांत म्हणाला.

"दिसली नाहीत म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"मला लाल दिसत नाही, मॅडम. म्हणजे दिसतं, पण हिरव्यापेक्षा वेगळं दिसत नाही. आत्ता तुम्ही बोट केलंत, तेव्हाही मला तिथं काही दिसलं नाही. मी हो म्हणालो, ते खोटं होतं. फॉर्मवर लिहिलंय तेही खोटं आहे. सैन्यात मला ह्याच्यासाठीच घेतलं नव्हतं." एवढं बोलून मला धाप लागली. "मुबारक मला रंग सांगतो. दोन वर्षं सांगतोय. आज सांगितला नाही, म्हणून हे झालं."

सुनंदा बोंद्रे खाली बघत होती. मघाशी हसल्याचं तिला आता वाईट वाटत असावं.

धाकलूमामांनी तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि पायरीवरूनच म्हणाले, "बाई, ह्यो पोरगा झाडाम्होरं लई येळ हुता. म्या बगितलाय. बाकीची पोरं लांबनंच बगून लिवत हुती, आन ह्यो पानं उलटीपालटी करत बसल्याला."

"तुम्ही थांबा जरा, मामा," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "धायटी कशावरून ओळखलीस?"

"साल सुटत होती. पानामागे काळे ठिपके होते. पान चावून बघितलं, तुरट लागलं."

"न ओळखलेलं पान तोंडात घालायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ओळखल्यावर चावलं, मॅडम."

कुणीतरी खुसखुसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळे कागद पुन्हा हातात घेतले आणि चौदा नंबरच्या उत्तरांवरून एकदा भरभर नजर फिरवली. "बारा कागद," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "अकरा जणांनी लाल फुलं लिहिलीत. काळे ठिपके एकानं." मग त्या एकदम म्हणाल्या, "बसा दोघं. एसटीचं मग बघू. आपलं वाचन अर्धवट राहिलंय."

आम्ही बसलो. मुबारकनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीही तिथं वळ होता. "कशाला बोललास?" तो पुटपुटला. "तू कशाला बोललास?" मी म्हणालो. खरंतर मला रडू येत होतं, पण का कुणास ठाऊक, छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकंही वाटत होतं. आता काय होईल ते होवो, निदान कुठल्याही झाडापुढे हळूच "काय?" म्हणून विचारायचं तरी संपलं होतं.

पंधरा झालं, सोळा झालं. ऐनाच्या झाडाला दोघांनी किंजळ लिहिलं म्हणून त्यांची हजेरी घेतली गेली. मग मॅडम म्हणाल्या, "क्रमांक एकोणीस," आणि एकेक कागद वाचायला लागल्या. "कुसुम. कुसुम. कुसुम. नदाफ, कुसुम. बोंद्रे, कुसुम. पुढे लिहिलंय, 'लाल कोवळ्या पालवीवरून लगेच ओळखू येतो.'" सुनंदानं मान डोलावली. "कुसुम. कुसुम."

मी अस्वस्थ झालो. मी कुसुम लिहिलं नव्हतं. अकरा जण एक म्हणत असताना आपण दुसरं म्हणत असलो तर आपण येडे, हे गणित मी सैन्यभरतीपासून शिकलो होतो.

मॅडमनी शेवटचा कागद धरला. "खोराटे. धूप." त्या थांबल्या. "कशावरून, ते तूच सांग. तुझं अक्षर वाचवत नाही."

"खाली पानं पडली होती, मॅडम. एका देठावर बऱ्याच पर्णिका होत्या आणि टोकाला एक सुटी होती. कुसुमाच्या पानात पर्णिका जोडीजोडीनं असतात, टोकाला सुटी नसते. मी सात पानं बघितली, सातही पानांना होती. मग खोडाला पाठीमागून बघितलं तर काळी राळ ओघळलेली होती. तिचा वास घेतला."

"आणि पालवी?"

"कुठली पालवी?"

"शेंड्याची. लालबुंद पालवी आलीय त्या झाडाला."

"होय?" मी म्हणालो. ते झाड लाल आहे, हे मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं.

धाकलूमामा पायरीवर खदखदून हसले. ते का हसतात ते क्षणभर कुणाला समजेना. मग मॅडमही हसल्या. सरनोबत मॅडमना हसताना मी दोन वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

"मी दरवर्षी त्या धुपाला नंबर बांधते," त्या म्हणाल्या. "आणि दरवर्षी सगळा वर्ग वर बघतो, लाल रंग बघतो, आणि कुसुम लिहून पुढे पळतो. धुपाची पालवीही लाल असते, हे वर्गात शिकवूनसुद्धा. खाली बघणारा मला चार वर्षांनी एखादा भेटतो."

"मामांनी येताना शिकवलं होतं," मी म्हणालो, कारण ते खरं होतं. पहिल्या दिवशी चालताना कुठल्याशा झाडाच्या फुलाबद्दल विचारलं, तर धाकलूमामा म्हणाले होते, "फूल दोन म्हैन्याचं पावनं. साल बारा म्हैनं घरातच आस्ती. तिला वळीक इच्यार." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग साऱ्यांना उद्देशून म्हणाल्या, "आपल्या विभागात वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं आहेत. तुम्ही सगळ्यांनी ती उघडलीत. पन्नास वर्षांपूर्वीचं एखादं फूल कधी लाल दिसलंय कुणाला?"

त्या कपाटांत सगळं काही तपकिरी असतं. पळस तपकिरी, पांगारा तपकिरी, धायटीही तपकिरीच.

"तरी आपण त्यावरून झाडं ओळखतो. जगभरचे लोक ओळखतात. त्या कपाटापुढे उभं राहिलं की मीसुद्धा खोराटेच असते." आता त्या माझ्याकडे वळल्या, आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "पण रंग लिहायचाच. वाळल्यावर तो राहत नाही, म्हणूनच झाडापाशी लिहायचा. तुला दिसत नसेल तर ज्याला दिसतो त्याला विचारायचं, उघडपणे, मोठ्या आवाजात, आणि त्याचं नाव खाली लिहायचं. विचारणं म्हणजे चोरी नाही. दोन वर्षं तुम्ही दोघं कुजबुजत काय बसलात?"

"तुम्ही काढून टाकाल असं वाटलं, मॅडम," मुबारक म्हणाला.

"टाकणारच होते की. दोघांनाही, मघाशी, खोटं बोललात म्हणून." त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. "चौदा नंबरचा एक मार्क कापलाय. 'फुले नाहीत' हे चूक आहे. तू 'फुले दिसली नाहीत' असं लिहायला हवं होतंस. जे दिसलं नाही ते नाही, असं आपल्या धंद्यात कुणी म्हणू नये. आणि तो फॉर्म. परत गेल्यावर कार्यालयात जाऊन दुरुस्त करायचा. मी येईन बरोबर."

"म्हणजे उद्याची एसटी..." मी विचारलं.

"उद्या सकाळी तुम्ही दोघांनी चौदा नंबरची फांदी आणायची, दाबून ठेवायची आणि चिठ्ठी लिहायची. एसटीनं कुणी जायला लागलं तर इथली कामं कोण करणार?"

मी उठून व्हरांड्याच्या मागच्या बाजूला गेलो आणि नळाखाली तोंड धरलं. पाणी गार होतं. तोंड धुतलं तरी डोळ्यांतून आणखी येतच होतं, म्हणून पुन्हा धुतलं. गेली पाच-सहा वर्षं मी जे धरून ठेवलं होतं ते असं एका चहाच्या वेळेत संपेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मुबारक मागून आला आणि त्याचा रुमाल पुढे केला.

"कुठल्या रंगाचा आहे सांग," तो म्हणाला.

मी त्याला ओल्या हाताने एक रट्टा दिला.

सकाळी आम्ही दोघं टाकीच्या वर गेलो. मुबारकनं एक फांदी वाकवून माझ्या नाकापुढे आणली तेव्हा फुलं दिसली. देठाला लगडलेल्या लहान लहान नळ्या, एकेका पेरावर कितीतरी. आदल्या दिवशी मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो. मी एक फूल तोडून चोखलं. गोड होतं.

चिठ्ठी मी लिहिली. ठिकाण, तारीख, उंची, साल, पान, ठिपके. रंगाची जागा मोकळी सोडून कागद मुबारककडे दिला. त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लाल. बंगल्यावरून दिसतो,' आणि खाली आपलं नाव. मॅडम आता फाडणार अशी मला भीती होती. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून मुबारककडे एकदा बघितलं आणि चिठ्ठी चिकटवायला परत दिली.

सर्वेक्षणाला त्यांनी मला घेतलं. मुबारकला त्याच जूनमध्ये गडहिंग्लजकडच्या एका हायस्कूलमध्ये नोकरी लागली, आणि तो गेला तेव्हा मला वाटलं आता आपलं कसं होणार. पण मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी मोठ्याने विचारायला लागलो. वाटेत भेटेल त्याला विचारायचो आणि नाव लिहायचो. त्या दोन वर्षांतल्या चिठ्ठ्यांवर रंगाच्या ओळीखाली धाकलू झोरे आहेत, एक एसटी कंडक्टर आहे, लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या दोघी सासू-सुना आहेत. सासूनं नारिंगी म्हटलं आणि सुनेनं तांबडं, म्हणून मी दोन्ही लिहिलं. कुणी मला कधी हसलं नाही. उलट, सरकारी माणूस आपल्याला रंग विचारतोय म्हणून लोक खुशीत यायचे.

मागच्या वर्षी, त्याच विभागात शिकवून मी निवृत्त झालो त्या आठवड्यात, मुबारक तिथं आला. केस पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी त्याला कपाटापाशी नेलं आणि चौदा नंबरची शीट टेबलावर काढून ठेवली. त्यानं ती खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला, खाली केला, नाक अगदी फुलांना टेकवलं. फुलं वाळून पानांसारखीच तपकिरी झाली होती.

"मर्दा," तो म्हणाला, "ह्यात लाल कुठंय?"

मी खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"बंगल्यावरून दिसतो," मी म्हणालो.